टिंग टिंग बंद कर गं!

"आई, हे ऐक आणि खरं काय ते सांग," असं म्हणत लेकीने हेडफोन माझ्या कानांवर चढवला, तेव्हा रात्रीचे पावणेअकरा वाजले होते. नातू झोपला होता. ओटा पुसून झाला होता, दुधाला विरजण लावून झालं होतं. दिवसभरात पहिल्यांदाच घर शांत झालं होतं. आता ही मला काय ऐकवतेय म्हणून मी जरा सावरून बसले.

ऐकलं मात्र आणि मी दचकलेच. टिंग टिडिंग टिंग, टिंग टिडिंग टिंग! हा आवाज मी ओळखत होते. चांगलाच ओळखत होते. याच आवाजावर १९९६ सालची आख्खी उन्हाळ्याची सुट्टी मी ओरडण्यात घालवली होती.

तुमच्याही घरात असेल तो. मुलांनी हट्ट करकरून आणायला लावलेला, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम. एक करडं डबडं, त्याला वायरीने बांधलेले दोन रिमोट आणि वरून खोचायची कॅसेट. नाव कॅसेट, पण आत फीत वगैरे काही नाही. चालली नाही की मुलं ती उपसून तिच्या पोटात फुंकर मारायची आणि कशी कोण जाणे, ती चालायला लागायची. वर छापलेलं असायचं 'नऊ हजार नऊशे नव्याण्णव गेम', आत निघायचे वीस-पंचवीस, तेच तेच नावं बदलून. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचं जे यंत्र काढलं, त्याची ही स्वस्तातली नक्कल होती, हे तेव्हा आम्हाला कुठलं माहीत!

मी तेव्हा घरी पेटीचे क्लास घ्यायचे. संध्याकाळी पाच ते सात, बाहेरच्या खोलीत चार-पाच मुली सतरंजीवर बसून अलंकार घोटतायत आणि आतल्या खोलीतून हे टिंग टिंग. दाराला पडदा होता, पण पडद्याने आवाज थोडाच अडतो! "बंद कर गं ती टिंग टिंग!" हे वाक्य मी दिवसातून किती वेळा म्हटलं असेल याला गणती नाही. लेक स्वतः पेटी शिकत होती, प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या होत्या तिने. पुढे तिने ते सोडलं. मग दहावी आली, डबडं मी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. घरातलं संगीत गेलं आणि जे राहिलं होतं ते संगीत नव्हतंच, असा माझा हिशेब. त्याबद्दल मला कधी वाईटही वाटलं नाही.

आणि आता तीस वर्षं होत आल्यावर तोच आवाज. पण धून ओळखीची नव्हती. किंवा होती, पण त्या खेळातली नव्हती. हेडफोन काढून मी विचारलं, "हे कुठलं?"

"माझं आहे. मी केलंय."

लेक एकोणचाळीस वर्षांची आहे. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. ती रात्री कॉम्प्युटरवर काहीतरी करत बसते हे मला दिसत होतं, पण ऑफिसचं काम असेल म्हणून मी कधी विचारलं नव्हतं. गेली तीन वर्षं ती हेच करत होती म्हणे. जुन्या व्हिडिओ गेमच्या आवाजात नवं संगीत. जगभर हजारो लोक हे करतात, त्याला 'चिपट्यून' म्हणतात आणि त्याच्या मैफलीसुद्धा होतात. आणि आता बंगळुरूची दोन मुलं एक छोटासा गेम बनवतायत, पावसात पत्रं वाटत फिरणाऱ्या पोस्टमनचा. त्यांना जुन्या वळणाच्या सात धुना हव्या होत्या. त्या ही करून देणार होती.

मी काय बोलावं ते सुचेना. शेवटी जे तोंडात आलं ते बोलले, "अगं, पण हा आवाज पेटीच्या शेजारी बसवला तर कसा वाटेल?"

ती हसली. मग म्हणाली, "तुला आठवतोय तो बॉम्ब लावायचा गेम? भिंतीभिंतींतून फिरणारा पांढरा माणूस?"

न आठवायला काय झालं! 'बॉम्बरमॅन'. त्याचीच धून सगळ्यात जास्त वाजायची. छोटीशी, तीच ती, गोल गोल फिरणारी.

"ती एका बाईने केलेली आहे."

खरं सांगते, मी आजवर त्या टिंग टिंगला कुणी 'केलं' असेल असा विचारच केला नव्हता. फ्रिजच्या घरघरीला कोणी संगीतकार असतो का? तसंच हे, मशीनचं. पण जुन चिकुमा नावाच्या जपानी संगीतकार बाईने १९८५ साली ती धून बांधली होती. जुन हे नाव जपानमध्ये मुलाचंही असतं आणि मुलीचंही, त्यामुळे ते वाचूनसुद्धा कुणाच्या चटकन लक्षात येऊ नये. म्हणजे बाहेरच्या खोलीत मी संगीत शिकवत होते आणि आतल्या खोलीत दुसरी एक बाई जपानमधून माझ्या लेकीला संगीत ऐकवत होती. आणि मी तिला रोज गप्प करत होते.

त्यानंतरचे काही दिवस मी लेकीच्या मागे लागून तिच्याकडून एकेक माहिती काढून घेतली. (नातवाने मदत केली. त्याला आजी व्हिडिओ गेमबद्दल विचारतेय याचंच अप्रूप.) आणि जे कळलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मारिओचा संगीतकार पुरुष, कोजी कोंदो. त्याचं नाव जगाला माहीत आहे. पण त्याच काळातली दुसरी नावं बघा. 'डिग डग' हा जमीन खोदत जायचा गेम १९८२ सालचा. त्याचं संगीत युरिको केइनो हिचं. तिला सांगितलं होतं की माणूस चालतो त्याचा आवाज कर. त्या यंत्रातून खरीखुरी पावलं काही वाजेनात. मग तिने पावलांच्या जागी छोटी धूनच बसवली. माणूस चालला की धून चालते, थांबला की थांबते. अडचणीतून काढलेली वाट, पण लोकांच्या ती कायमची लक्षात राहिली. आपल्याकडे घरात अचानक पाहुणे आले की आमटीत पाणी घालून वर फोडणी देतो आणि पाहुणे म्हणतात आजची आमटी काही औरच झालीय, त्यातला प्रकार.

१९८५ चा 'ग्रेडियस', अंतराळातल्या विमानाचा गेम. त्याच्या संगीतात मुख्य हात मिकी हिगाशिनो हिचा. ती तेव्हा शिकत होती आणि अर्धवेळ काम करत होती. १९८६ चा 'कॅसलवेनिया', ड्रॅक्युलाच्या वाड्यातला. तो किनुयो यामाशिता हिने केला, सातोए तेराशिमा हिच्या साथीने. इलेक्ट्रॉनिक्स शिकून ती नुकतीच नोकरीला लागली होती आणि हे तिचं पहिलंच काम. आणि कॅपकॉम नावाच्या कंपनीच्या संगीत विभागात तर त्या वर्षांत मुलींचाच भरणा होता. अयाको मोरी, तामायो कावामोतो, हारुमी फुजिता, जुंको तामिया, मानामी मात्सुमाए, योको शिमोमुरा. बहुतेकजणी विशी-पंचविशीच्या.

का बरं? माझा आपला एक अंदाज आहे. संगीत शिकलेल्या मुली भरपूर होत्या आणि त्यांच्यापुढे वाट एकच होती, पियानोची शिकवणी. (इथे मला माझी बाहेरची खोली आणि सतरंजी आठवली.) गेमचं संगीत म्हणजे कुणी मान द्यावा असं काम नव्हतं. जिथे मान नसतो तिथे बायकांना आत यायला दार उघडं सापडतं, हा अनुभव तुम्हा-आम्हाला नवा नाही.

योको शिमोमुराची गोष्ट ऐका. ओसाकाच्या संगीत महाविद्यालयातून ती १९८८ साली पियानो शिकून बाहेर पडली. वाद्यांच्या एका दुकानात पियानो शिकवायची नोकरी तिला मिळतही होती. पण तिला गेम खेळायची आवड. तिने आपल्या काही रचना गेमच्या कंपन्यांना पाठवल्या आणि कॅपकॉमने तिला घेतलं. घरचे हबकले. एवढी महागडी फी भरून शिकवलं ते याच्यासाठी? शिक्षकांनाही वाईट वाटलं. ती गेली ती गेलीच. १९९१ साली 'स्ट्रीट फायटर टू' आला, त्याचं बहुतेक सगळं संगीत तिचं. आमच्या स्टँडजवळच्या पार्लरमध्ये नाण्यावर चालणारं ते मशीन होतं आणि त्यासमोर कॉलेजची मुलं तासन् तास उभी असायची. पुढे 'किंगडम हार्ट्स' वगैरे. २०२५ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेने आपला सर्वोच्च सन्मान, फेलोशिप, तिला दिला.

हे वाचून कुणी म्हणेल, बघा, आईवडिलांनी विश्वास ठेवायला हवा होता. पण मला मात्र त्या आईचीच बाजू आधी कळली. मीही हेच म्हटलं असतं. म्हटलंच होतं.

आता हे संगीत बांधतात कसं, ते सांगते. मला यातच सगळ्यात गंमत वाटली, त्यामुळे जरा सविस्तर सांगितलं तर रागावू नका.

त्या करड्या डबड्यात आवाज काढणारी पाच वाद्यं असतात असं समजा. पाचच. त्यातली दोन एकसारखी, पिपाणीसारखी टोकदार. त्यांचा आवाज थोडाफार बदलता येतो, कधी नाकातून गायल्यासारखा बारीक, कधी भरीव. सूर या दोघींनी धरायचा. तिसरं वाद्य खालच्या पट्टीतलं, गोलसर, खर्ज भरायला. त्याचा स्वभाव असा की त्याला हळू किंवा जोरात वाजवताच येत नाही. एक तर वाजेल, नाहीतर गप्प बसेल. (आमच्या घरात असे एक गृहस्थ होते.) चौथं म्हणजे नुसती खरखर. पूर्वी कार्यक्रम संपल्यावर टीव्हीवर मुंग्या यायच्या, तेव्हा जो आवाज व्हायचा तोच. तो बारीक बारीक कापला की झाला ताशा. आणि पाचव्यात खराखुरा ध्वनिमुद्रित आवाज भरता येतो, पण अगदी छोटा आणि पातेल्यात तोंड घालून बोलल्यासारखा. लेकीने त्यात पोळपाटावर लाटणं आपटल्याचा आवाज भरलाय. ऐकताना कुणाला कळणार नाही. मला कळलं, कारण पोळपाट माझा आहे.

बरं, ही पाचही वाद्यं नेहमी हाताशी असतील असं नाही. खेळातला माणूस उडी मारतो, नाणं उचलतो, मरतो, ते आवाजही याच पाचांतून काढायचे. त्या क्षणी एखादं वाद्य धून सोडून उडीचा आवाज काढायला पळतं आणि परत येऊन जिथे असायला हवं तिथून पुढे वाजायला लागतं. गाणारी बाई मध्येच उठून कुकर बंद करून यावी आणि येताच समेवर हजर, तसं! अशा गळतीतही धून तुटू नये, अशी बांधावी लागते.

जागासुद्धा किती कमी! मारिओचा तो पहिला आख्खा गेम, चित्रं-संगीत सगळ्यांसकट ४० किलोबाइटचा. आज मोबाइलवर आपण 'सुप्रभात'चं फूल पाठवतो ते याच्यापेक्षा मोठं असतं. आणि हे संगीत वाद्यावर वाजवून मुद्रित होत नसे. प्रत्येक स्वर, त्याची लांबी, त्याचा जोर आकड्यांत लिहून कॉम्प्युटरला द्यायचा. पियानो शिकलेल्या मुली आकड्यांच्या रांगा लिहीत बसायच्या.

लेक आज जे वापरते ते 'फॅमीट्रॅकर' नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. (ज्यांना घरात कुणासाठी हवं असेल त्यांनी लक्षात ठेवा.) पडद्यावर पाच रकाने दिसतात, पाच वाद्यांचे. वरून खाली ओळी सरकत जातात. आपण भातखंड्यांच्या पद्धतीने बंदिश आडवी लिहितो, ही उभी लिहितात, एवढाच फरक. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा किराण्याच्या वहीसारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी चष्मा लावून नीट बघितलं, तर मला थोडंथोडं वाचता यायला लागलं.

एके ठिकाणी तिने लिहिलं होतं, शून्य-चार-सात. म्हटलं, हे काय? तर म्हणाली, या वाद्यावर एका वेळी एकच स्वर वाजतो, दोन-तीन स्वर एकत्र वाजवता येत नाहीत. मग ते स्वर एकामागून एक इतके भराभर फिरवायचे, सेकंदाला जवळजवळ साठ, की कानाला ते एकत्र वाजल्यासारखे वाटावेत. तो जो थरथरता, चमचमता आवाज असतो ना, तो हाच. शून्य म्हणजे मूळ स्वर, तिथून चार घरं पुढचा, सात घरं पुढचा. मी बोटांवर मोजलं. सा, शुद्ध गंधार, पंचम! आणि शून्य-तीन-सात लिहिलं तर? सा, कोमल गंधार, पंचम. "अगं, मग असं सांग ना सरळ!" मी म्हटलं. एवढ्या वर्षांत त्या टिंग टिंगमधल्या कुठल्या गोष्टीला मी नाव देऊ शकले, ती ही पहिली.

आणखी एक. पेटीचं सगळ्यात मोठं दुखणं काय, तर तिच्यावर मींड निघत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, पट्टी सोडून दुसरी पट्टी दाबावी लागते. याच कारणाने दर्दी लोकांनी तिला नाकं मुरडली. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला दार बंद केलं ते पुढची तीसेक वर्षं पुरतं उघडलं नाही. आणि या डबड्यावर मींड निघते! एक अक्षर आणि दोन आकडे लिहायचे, की स्वर अलगद पुढच्या स्वरावर सरकतो. ज्या वाद्याला मी आयुष्य दिलं त्याला जे जमत नाही ते याला जमतं. ते बघून त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, असं म्हटलं तर ते खोटं होणार नाही.

मग हळूहळू असं व्हायला लागलं की साडेदहा वाजले, नातू झोपला, की मीही खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसायचे. ती नव्या धुना ऐकवायची. पोस्टमन डोंगर चढतो ती एक, पूल वाहून जातो ती एक. पण शेवटची, घरी परतायची धून तिला जमत नव्हती. गेमची धून कधी संपत नाही. खेळणारा तिथे दोन मिनिटं राहील किंवा दोन तास, धून फिरून फिरून वाजत राहायला हवी, आणि कंटाळा येता कामा नये. तिची धून चांगली होती, पण प्रत्येक फेरीला 'संपली' असं वाटून पुन्हा सुरू व्हायची. रडून दमलेलं मूल गप्प होतं आणि परत भोकाड पसरतं तशी.

मी तिसऱ्यांदा ऐकून म्हटलं, "तू शेवट सा वर करतेयस."

"मग? घरी पोचला ना तो."

"पोचला, पण तुला परत निघायचंय. सा वर येऊन बसलीस की उठायला कष्ट पडतात. शेवटच्या ओळीत पंचमावर थांब, रे वरून वळ, आणि सा दे तो पुढच्या आवर्तनाच्या समेला. मुखडा कसा घेतो आपण?"

तिने दोन आकडे बदलले, एक ओळ खोडली. वाजवलं. धून गोल झाली. कुठे सुरू होते, कुठे संपते, शोधूनही सापडेना. आम्ही दोघी काही न बोलता सहा-सात आवर्तनं ऐकत बसलो. मग माझ्या लक्षात आलं, सा रे ग प ध. "हा भूप आहे."

"तुझाच आहे," ती म्हणाली. "पाच वाजताच्या मुलींना तू जो पहिला शिकवायचीस ना, तो. इकडून तो यायचा, तिकडून गेम. माझ्या डोक्यात दोन्ही एकात एक गेलंय."

जपान्यांकडेही हीच सप्तकातली पाच स्वरांची उतरंड आहे. चौथा आणि सातवा स्वर वगळलेली. तिला ते 'योनानुकी' म्हणतात, म्हणजे चार-सात-वगळून. म वर्ज्य, नि वर्ज्य. आपल्याकडे भूपाचं वर्णन करताना अगदी हेच सांगतात.

२०२१ च्या जुलैमध्ये टोकियो ऑलिम्पिकचं उद्घाटन झालं, ते तुम्हीही टीव्हीवर पाहिलं असेल. मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन पुढे आणि मागे आपले खेळाडू. त्या संचलनाला सबंध वेळ वाजत होतं ते वाद्यवृंदाने वाजवलेलं व्हिडिओ गेमचं संगीत. त्यात योको शिमोमुराची रचना होती आणि मिकी हिगाशिनोच्या 'ग्रेडियस'मधलीही. मी तेव्हा संगीत छान आहे म्हणून कौतुक केल्याचं लेकीला आठवतंय. मला आठवत नाही. पण केलं असेन.

आता नावाचं सांगते, कारण खरा वाद आमच्यात त्यावरून झाला.

'कॅसलवेनिया'च्या शेवटी श्रेयनामावली येते. त्यात किनुयो यामाशिता हे नाव नाही. तिथे आहे जेम्स बनाना. १९५८ च्या 'ड्रॅक्युला' चित्रपटाच्या संगीतकाराचं नाव जेम्स बर्नार्ड, त्यावरची कोटी. त्या यादीत सगळ्यांचीच अशी गमतीची नावं आहेत, हे खरं. पण सगळ्या जगाने गुणगुणलेली धून, आणि तिच्याखाली केळं! मानामी मात्सुमाए हिने १९८७ साली 'मेगा मॅन'चं संगीत केलं, तिचं नाव छापलं 'चांचाकोरीन मानामी'. माणसं दुसऱ्या कंपनीने पळवू नयेत म्हणून कंपन्या खरी नावं छापत नसत. त्यामुळे पुरुषांचीही नावं गेली. पण पुरुषाचं नाव गेलं तर लोक धरून चालतात की कुणी तरी पुरुष असेल. बाईचं गेलं, तरी लोक तेच धरून चालतात. मात्सुमाएबाईंचं नशीब की लहानपणी तो गेम खेळलेली मुलं मोठी होऊन स्वतः गेम करायला लागली. अमेरिकेतल्या अशाच काही जणांनी २०१४ साली 'शॉव्हेल नाइट' हा जुन्या वळणाचा गेम काढला, तेव्हा त्यांनी तिला शोधून काढून तिच्याकडून दोन धुना करून घेतल्या. या वेळी खऱ्या नावाने.

हे सगळं लेकीनेच मला सांगितलेलं. आणि बंगळुरूहून मेल आला, 'श्रेयनामावलीत तुमचं नाव काय घालायचं?' तर बाईसाहेबांनी उत्तर लिहिलं, 'पिक्सेलपेटी'.

मी चिडलेच. म्हटलं, "जेम्स बनाना बरा की!"

"आई, ते त्यांना दिलेलं नाव होतं. हे मी घेतलेलं आहे. फरक आहे." उत्तर आयर्लंडमधली एक मुलगी आहे म्हणे, गेम बॉयवर संगीत करणारी. 'सुपर हेक्सागॉन' नावाच्या २०१२ च्या गेममध्ये तिच्या रचना आहेत. ती 'चिपझेल' या नावाने जगभर वाजवते, पण ती कोण हे सगळ्यांना माहीत आहे.

"मग तूही खरं नाव पुढे लाव."

"कुठलं खरं? पासपोर्टवरचं की ऑफिसातलं? माहेरचं आडनाव लावलं तर इकडे विचारतील, इकडचं लावलं तर ही धून केली तेव्हा मी कुठल्या घरची होते ते तूच सांग." मग जरा थांबून म्हणाली, "आणि बाईच्या नावाने काही टाकलं की पहिला प्रश्न येतो, कुणी मदत केली? पिक्सेलपेटीला तो कुणी विचारत नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मी पेटीची साथ करायला जायचे तेव्हा पत्रिकेत गायकाचं नाव ठळक, तबलजीचं त्याच्या खाली, आणि माझं 'इतर साथ' या दोन शब्दांत मावलेलं असायचं. मी कधी कुणाला म्हटलं नाही. म्हणायचं असतं हेच मुळात ठाऊक नव्हतं.

दोन दिवस आम्ही त्या विषयावर बोललो नाही. तिसऱ्या रात्री तिने मला हाक मारली. मेल उघडलेला होता. 'पिक्सेलपेटी', त्यापुढे कंसात तिचं नाव, नुसतं पहिलं, आडनाव कुठलंच नाही. मी म्हटलं, चालेल.

"थांब, अजून आहे," म्हणाली. खाली तिने एक ओळ लिहिली होती. 'घरी परतण्याची धून', आणि दोन नावांची जागा. एकात तिचं, दुसरं रिकामं. "इथे तुझं घालतेय. पूर्ण नाव सांग, कसं लिहायचं ते."

"अगं, माझं कशाला!" मी पटकन म्हणाले. "दोन स्वर तर इकडचे तिकडे केले."

ती काही बोलली नाही. बोटं कीबोर्डवर ठेवून माझ्याकडे नुसती बघत राहिली.

मग मी तिला स्पेलिंग सांगितलं. माझ्या नावात एच दोनदा येतो. लोक नेहमी एक गाळतात, तेही सांगितलं.